'समजलं ना?' 'हो!'

सकाळी साडेसातची वेळ. पॅथॉलॉजी लॅबच्या बाकावर साठीच्या एक काकू बसल्या आहेत. डॉक्टरांनी उपाशीपोटी साखर तपासायला सांगितली आहे. लॅबमधली मुलगी दंडाला पट्टा बांधता बांधता विचारते, 'काकू, उपाशीच आलात ना?' 'हो गं, उपाशीच.' सुई टोचणार तेवढ्यात इकडच्या तिकडच्या गप्पांतून कळतं, की निघताना काकूंनी अर्धा कप चहा घेतला आहे. मुलगी पट्टा सोडते. 'अहो, उपाशी म्हणाला होतात ना?' काकूंना कळेना, आपलं काय चुकलं. 'अगं, चहा म्हणजे काय खाणं आहे का?'

लॅबमध्ये काम करणाऱ्या कुणालाच हा प्रसंग नवा वाटणार नाही. संकष्टीच्या दिवशी तर आणखी गंमत. उपास आहे, म्हणजे माणूस उपाशीच. आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी मात्र खाऊन झालेली.

या प्रसंगात कुणी खोटं बोललं नाही, कुणी दुर्लक्षही केलं नाही. काकूंच्या भाषेत चहा 'घेतात', 'खात' नाहीत. पोटात अन्नाचा कण नाही म्हणजे माणूस उपाशी. लॅबच्या भाषेत उपाशी म्हणजे निदान आठ तास पाण्याशिवाय काहीही नाही. शब्द एकच, अर्थ दोन, आणि दोघींनाही वाटलं की आपलं बोलणं जुळलं. इथे गप्पांमुळे चूक सापडली. ती सापडली नसती तर साखरेचा आकडा वाढलेला दिसला असता आणि त्या आकड्यावर कदाचित औषधाचा निर्णय झाला असता.

एक माणूस बोलतो आणि दुसऱ्याला ते समजतं, ही गोष्ट इतकी रोजची आहे की ती होते कशी, हा प्रश्न सहसा पडत नाही. आपली साधारण कल्पना अशी असते, की अर्थ शब्दांत भरलेला असतो. बोलणारा तो पाठवतो, ऐकणारा उघडून घेतो. पार्सलासारखं. प्रत्यक्षात असं पार्सल कुठेच नसतं. शब्द फक्त खूण करतात. त्या खुणेवरून, स्वतःच्या अनुभवातून, समोरचा कोण आहे आणि वेळ कोणती आहे हे पाहून ऐकणारा अर्थ स्वतः तयार करतो.

आपल्याकडे हे फार पूर्वी ओळखलं गेलं होतं. शाळेत व्याकरणाच्या पुस्तकात अभिधा, लक्षणा, व्यंजना या तीन शब्दशक्ती बहुतेकांनी परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या असतात. शब्दाचा सरळ अर्थ, त्याच्याशी निगडित दुसरा अर्थ आणि न बोलता सुचवलेला अर्थ. काश्मीरचा मम्मट हा अकराव्या शतकातला पंडित. त्याने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात एक साधं उदाहरण दिलं आहे. 'सूर्य मावळला' एवढंच कुणी म्हणालं. हे ऐकून गुराखी गुरं घराकडे वळवेल, दुकानदार मालाची आवराआवर करेल, कुणी संध्येला बसेल, तर एखादी प्रेयसी ठरलेल्या जागी भेटायला निघेल. वाक्यात गुरं नाहीत, दुकान नाही, प्रियकर तर नाहीच नाही. जो तो आपापला अर्थ आपल्या जागेवरून काढतो.

विसाव्या शतकात पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने हाच धागा वेगळ्या बाजूने पकडला. १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत त्याने मांडलं, की संभाषण हा एक सहकार आहे. समोरचा माणूस पुरेसं, खरं, विषयाला धरून आणि स्पष्ट बोलतो आहे, असं ऐकणारा गृहीत धरतो. सरळ अर्थ जुळला नाही, की तो 'याला नक्की काय म्हणायचं असेल?' असा विचार करून उरलेला अर्थ भरून काढतो. 'जेवायला थांबताय ना?' या प्रश्नाला 'साडेनऊची शेवटची गाडी आहे' असं उत्तर आलं, तर 'नाही' हा शब्द न उच्चारताही तो ऐकू येतो. मराठी घरांत तर हे पावलोपावली चालतं. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. बांगडी फुटत नाही, ती 'वाढवते'. रात्री दुकानही 'वाढवतात'. परक्या माणसाला याचा अर्थ शब्दकोशातून लागणं कठीण. घरातल्या पोराला तो कुणी शिकवावाही लागत नाही.

म्हणजे समजणं हा एक अंदाज असतो, आणि तो भलताच वेगवान असतो. जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पांचं ध्वनिमुद्रण करून संशोधकांनी २००९ साली मोजलं, की एकाचं बोलणं संपल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो. उत्तर आलं, साधारण २०० मिलिसेकंद. सेकंदाचा पाचवा हिस्सा. भाषा बदलली तरी त्यात फार मोठा फरक पडला नाही. गंमत अशी, की समोरच्या वस्तूचं चित्र पाहून तिचं नाव तोंडातून बाहेर यायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. तरीही उत्तर २०० मिलिसेकंदांत येतं, याचा अर्थ ऐकणारा समोरच्याचं वाक्य संपायची वाट पाहत नाही. ते कुठे जाणार याचा अंदाज बांधून तो आधीच आपलं उत्तर जुळवू लागतो.

रोजच्या गप्पांत ही सोय आहे. दवाखान्यात मात्र ती अंगाशी येऊ शकते. 'तुमची साखर थोडी वाढली आहे' इतकं ऐकलं, की पेशंटचं मन 'आता गोड बंद' या ठिकाणी जाऊन पोहोचतं. मग डॉक्टर भात, भाकरी, चालणं, पायाची काळजी याबद्दल जे बोलतात, ते कानावर पडतं, पण आत जात नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग पेशंट लगेच विसरतात, असं या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या २००३ सालच्या एका लेखात नोंदवलं आहे. लक्षात राहिलेल्या भागापैकीही जवळपास निम्मा चुकीचा असतो.

डोक्यात वाजणारं गाणं

मग सांगणाऱ्याला हे कळत कसं नाही? याचं उत्तर एका साध्या खेळात सापडतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने १९९० साली आपल्या प्रबंधासाठी तो केला होता. एकाने सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटाने वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं, समोरच्याला ओळखता येईल का? त्यांचा अंदाज होता, निम्म्या वेळा तरी ओळखता येईल. एकूण १२० गाणी वाजवली गेली. ओळखली गेली फक्त ३.

घरी कुणालाही हा खेळ करून पाहता येईल. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, पेटी, तबला असं सगळं सुरू असतं. त्याला टकटक ऐकूच येत नाही, गाणं ऐकू येतं. समोरच्याच्या वाट्याला मात्र नुसती टकटक. आणि वाजवणाऱ्याला मनापासून आश्चर्य वाटतं, की इतकं सोपं गाणं याला कसं ओळखता येत नाही!

डॉक्टर जेव्हा 'गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा' म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात अर्धवट मेलेले जंतू, औषधाला न जुमानणारा आजार, पुन्हा उलटलेला ताप हे सगळं गाणं वाजत असतं. पेशंटला ऐकू येते ती टकटक. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, की उरलेल्या गोळ्या 'पुढच्या वेळेला' म्हणून डब्यात जातात. यात डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. बँकेतला अधिकारी, शाळेतली बाई, मोबाइल कसा वापरायचा हे आजोबांना सांगणारा नातू, सगळ्यांचं असंच होतं. ज्याला एखादी गोष्ट नीट कळलेली असते, त्याला ती न कळलेली असण्याची अवस्था आठवत नाही.

जवळच्या नात्यात तर हा भ्रम आणखी घट्ट असतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात संदिग्ध वाक्यांचा अर्थ ओळखताना नवरा-बायको हे अनोळखी माणसांपेक्षा सरस ठरले नाहीत. 'आपल्याला समोरच्याचं बरोबर कळतं' हा विश्वास मात्र त्यांचा जास्त होता. आपल्या ओपीडीत हे दृश्य सर्रास दिसतं. डॉक्टर विचारतात बाईंना, उत्तर येतं शेजारच्या खुर्चीतून. 'तिला ना, ॲसिडिटीच आहे.' बाई गप्प बसतात. त्यांना काय होतंय ते शेवटपर्यंत त्यांच्या तोंडून येतच नाही.

'अं?' हा जगातला महत्त्वाचा शब्द

इतके अंदाज आणि इतके भ्रम असूनही माणसांचं बोलणं एकंदरीत बरं चालतं, कारण त्यात दुरुस्तीची सोय आहे. ती म्हणजे 'अं?' 'काय?' 'कोण म्हणालास?' 'म्हणजे मंगळवारी ना?' असे छोटे प्रश्न. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेतल्या मार्क डिंगेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं, की आपल्या 'अं?'सारखा आखूड, प्रश्नार्थक उच्चार एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांतही जवळपास सारखाच आढळतो. या शोधाला २०१५ साली इग्नोबेल पुरस्कार मिळाला. म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात तो. पुढे त्याच गटाने १२ भाषांमधल्या गप्पा तपासल्या. साध्या घरगुती बोलण्यात सरासरी दर १.४ मिनिटाला कुणी ना कुणी अशी दुरुस्ती मागत होतं.

म्हणजे दहा मिनिटांच्या गप्पांत सहा-सात वेळा. चहा पीत, पाय पसरून, बरोबरीच्या माणसाशी, आपल्याच भाषेत बोलतानासुद्धा. आता डॉक्टरांच्या खोलीत काय होतं ते आठवून पाहावं. विषय अवघड, शब्द अनोळखी, मनात भीती, बाहेर रांग. इथे 'अं?' ऐकू यायला हवं ते कितीतरी जास्त. प्रत्यक्षात पेशंट मान डोलावतो. 'हो.' 'बरं.' 'हं.'

या 'हो'चा अर्थ काय? मराठीत 'हो' म्हणजे होकार, पण 'हो' म्हणजे 'मी ऐकतोय' असंही. 'हो' म्हणजे 'तुम्ही मोठे, तुम्ही सांगाल ते खरं.' 'हो' म्हणजे 'आता मला बाहेर जाऊ द्या.' मोठ्या माणसाला उलट प्रश्न विचारायचा नाही, हे वळण लहानपणापासूनचं. त्यात आपण अडाणी ठरू ही लाज. त्यात 'काय सांगितलं ते कळलं नाही' असं म्हणणं म्हणजे डॉक्टरांना सांगता येत नाही असं म्हटल्यासारखं होईल, हा संकोच. जिथे दुरुस्तीची सर्वांत जास्त गरज आहे, तिथेच ती बंद पडते. ज्या गैरसमजाची चाहूल लागते, तो फारसा धोक्याचा नसतो. तो निस्तरता येतो. धोका आहे तो दोघांनाही 'जुळलं' असं वाटतं तेव्हा.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १९८० साली घडलेली घटना वैद्यकीय दुभाष्यांच्या प्रशिक्षणात आजही सांगतात. १८ वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत हॉस्पिटलमध्ये आणलं गेलं. कुटुंब मूळचं क्यूबातलं, स्पॅनिश बोलणारं. घरच्यांनी सांगितलं, तो 'इन्तॉक्सिकादो' आहे. क्यूबातल्या बोलीत याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलं आहे. इंग्रजी कानांना मात्र तो 'इन्टॉक्सिकेटेड' असा ऐकू आला, म्हणजे नशेत. अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार सुरू झाले. खरा आजार होता मेंदूतला रक्तस्राव. तो लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. त्याला आयुष्यभरात मिळून सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर भरपाई देण्याची तडजोड झाली. दुभाषी बोलावला गेला नाही, कारण कुणालाच त्याची गरज वाटली नाही. शब्द अगदीच परका असता, तर कुणीतरी 'म्हणजे काय?' असं विचारलं असतं. तो ओळखीचा वाटला, हाच घात झाला.

आपल्याकडे असे ओळखीचे वाटणारे शब्द थोडे नाहीत. 'गॅस' हा त्यांचा राजा. पोट फुगलं तरी गॅस, ढेकर आली तरी गॅस, पाठीत चमक भरली तरी गॅसच. छातीत दडपल्यासारखं झालं, घाम फुटला, डावा हात भरून आला, तरी 'गॅस वर चढलाय' असं म्हणून ओवा-सोडा घेऊन रात्र काढणारे लोक आहेत. हृदयविकारात पहिले काही तास किती मोलाचे असतात हे ठाऊक असूनही. तीच गोष्ट 'चक्कर'ची. कुणाला खोली गरगर फिरताना दिसते, कुणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, कुणाचा चालताना तोल जातो. तिन्हींना मराठीत चक्कर म्हणतात आणि तिन्हींची कारणं वेगळी असू शकतात. एकाचं कानात, एकाचं रक्तदाबात, एकाचं मेंदूत. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' हे ऐकून काहीतरी चांगलं झालं असं वाटून घेणारेही भेटतात. इतर सगळीकडे 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगलंच ना!

खरं तर दुखण्यासाठी मराठीत शब्दांची श्रीमंती आहे. ठणका, कळ, चमक, सणक, मुरडा, रग, जळजळ, चुणचुण, उसण. ठणका म्हणजे ठोक्याठोक्याने दुखणं, मुरडा म्हणजे पिळवटून येणारं, सणक म्हणजे विजेसारखी सरकन जाणारी. यातला योग्य शब्द कानावर पडला, तर निम्मं निदान तिथेच होतं, असं म्हटलं तरी चालेल. पण तो शब्द कानावर पडायला पेशंटला बोलू द्यावं लागतं. अमेरिकेत १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-पेशंट संभाषणांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं मध्येच तोडतात असं दिसलं. २०१८ सालच्या एका अभ्यासात हाच काळ ११ सेकंदांवर आला होता. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांवर असलेला ताण खराच. तरीही ११ सेकंदांत 'गॅस'पलीकडे कोण जाणार?

चिठ्ठीवरचं गणित

बोलणं हवेत विरतं, लिहिलेलं तरी नीट कळत असेल, असं वाटू शकतं. ते तपासण्यासाठी अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या दवाखान्यांत ३९५ पेशंटना औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना दाखवल्या गेल्या. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातली एक सूचना होती, 'दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा घ्या.' ज्यांचं वाचन जेमतेम होतं, त्यांच्यातल्याही सुमारे ७१ टक्के लोकांनी ती बरोबर सांगितली. मग त्यांना म्हटलं, बाटलीतून दिवसभराच्या गोळ्या काढून दाखवा. बरोबर चार गोळ्या काढल्या फक्त ३५ टक्क्यांनी. वाक्य जसंच्या तसं म्हणता येणं आणि ते कळणं यांत एवढं अंतर असतं. 'समजलं ना?'ला 'हो' म्हणणाऱ्यांत ते ७१ टक्के सगळे असणार.

लहान मुलांच्या पातळ औषधाचं आणखी वेगळं. 'एक चमचा द्या' म्हणजे औषधशास्त्रात ५ मिलिलिटर. घरात मात्र चहाचा चमचा आहे, पोह्यांचा आहे, आणि दोन्हींना चमचाच म्हणतात. मोठ्या चमच्यात कधी कधी तिप्पट औषध मावतं. पालकांकडून औषध मोजून घेतलेल्या २०१४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, मिलिलिटरमध्ये बोलणाऱ्यांपेक्षा चमच्यांत बोलणाऱ्यांकडून चूक होण्याची शक्यता साधारण दुप्पट आढळली. बाटलीच्या झाकणावर येणारं मापाचं प्लॅस्टिकचं टोपण अनेक घरांत पहिल्याच दिवशी हरवतं. ते जपून ठेवणं हा यावरचा सर्वांत स्वस्त इलाज.

प्रश्न बदलला तर

उपाय अवघड नाहीत, आणि त्यांना यंत्र लागत नाही. परदेशांत 'टीच-बॅक' नावाची पद्धत डॉक्टरांना आणि नर्सना शिकवली जाते. सांगून झाल्यावर 'समजलं का?' असं विचारायचं नाही, कारण त्याला एकच उत्तर आहे. त्याऐवजी पेशंटला आपल्या शब्दांत परत सांगायला लावायचं. ती परीक्षा वाटू नये म्हणून ओझं आपल्याकडे घ्यायचं: 'मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. आता घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?' मग काकू सांगू लागतात, आणि दुसऱ्याच वाक्याला कळतं की रात्रीची गोळी सकाळी जाणार आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मधुमेहाच्या पेशंटवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी जेमतेम १२ टक्के गोष्टी पेशंटला कळल्या की नाही हे तपासून पाहिलं होतं. ज्यांच्या बाबतीत ते पाहिलं गेलं, त्यांची साखर आटोक्यात असण्याची शक्यता जास्त होती. अभ्यास लहान होता, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण अर्धा मिनिट खर्चून यापेक्षा जास्त मिळवून देणारं दुसरं काय आहे, हेही सांगणं कठीण.

कधी एका शब्दानेही फरक पडतो. समाजशास्त्रज्ञ जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही डॉक्टरांना इंग्रजीत 'एनिथिंग एल्स?' असं विचारायला सांगितलं, काहींना 'समथिंग एल्स?' असं. पहिल्याचा फारसा उपयोग झाला नाही. दुसऱ्या प्रश्नाने मात्र, मनात असून न सांगितल्या गेलेल्या तक्रारींचं प्रमाण ७८ टक्क्यांनी घटलं, आणि भेटीचा वेळही वाढला नाही. मराठीत हा भेद ऐकूनच कळतो. 'आणखी काही नाही ना?' हा प्रश्न दार लावून घेतो. 'आणखी काय सांगायचंय?' हा दार उघडं ठेवून थांबतो.

ऐकणाऱ्याच्या जगातली खूण शोधणं, हा त्याहून पुढचा टप्पा. त्याचं उत्तम उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेला गावातल्या दायांकडून बाळांचा न्यूमोनिया ओळखून हवा होता. दोन महिन्यांपेक्षा मोठ्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त झाला तर धोका. पण लिहिता-वाचता न येणाऱ्या अनेक दायांना इतकी मोठी संख्या मोजता येत नसे, दहा-बारापर्यंत येई. तेव्हा त्यांना आकडे शिकवत बसण्याऐवजी मण्यांचं एक साधन तयार केलं गेलं. सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. इथे सांगणाऱ्याने आपल्या डोक्यातलं गाणं बाजूला ठेवलं आणि ऐकणाऱ्याला जे ऐकू येतं, त्यात तेच सांगितलं. उपचारांच्या या गावपातळीवरच्या पद्धतीने बालमृत्यू कमी झाल्याचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पेशंटच्या बाजूनेही थोडं करता येण्यासारखं आहे. निघण्यापूर्वी 'म्हणजे डॉक्टर, पांढरी गोळी जेवणाआधी आणि ही मोठी रात्री, बरोबर ना?' एवढं एक वाक्य म्हणून पाहावं. दुखण्याला नाव देण्यापेक्षा ते कुठे, कसं, कधीपासून आणि काय केल्यावर वाढतं ते सांगावं. 'गॅस आहे' हे निदान झालं. ते करायचं काम डॉक्टरांचं. सोबत आलेल्या माणसाने आधी पेशंटला बोलू द्यावं आणि राहिलेलं नंतर जोडावं. कळलं नाही तर सरळ 'अं?' म्हणावं. ते असभ्य नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पुन्हा लॅबमध्ये हजर. या वेळी मुलीने प्रश्न बदलला. 'काकू, काल रात्री जेवल्यापासून आत्तापर्यंत पोटात काय काय गेलं ते सांगा बघू.'

'काहीही नाही. तू काल म्हणालीस ना, काहीही घ्यायचं नाही. मग आज चहा नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, आणि सकाळची बीपीची गोळीपण नाही घेतली.'

मुलीने हातातला पट्टा खाली ठेवला आणि रक्तदाबाचं मशीन पुढे ओढलं.